चूल घेताना धुराचा आकडा विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत पहाटेच धूर साचू लागतो. शहापूर, वडगाव, अनगोळच्या परड्यांत आणि कंग्राळी, उचगाव, येळ्ळूर, कडोलीच्या घराघरांत आंघोळीच्या पाण्याचे हंडे आणि बंब एकाच वेळी पेटतात. रात्रीची गार हवा जमिनीलगत बसलेली असते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण असते. त्यामुळे ऊन चढेपर्यंत हा धूर कौलांच्या उंचीवरच पसरून राहतो. उपाय म्हणून ‘निर्धूर’, ‘स्मोकलेस’, ‘इको’ अशा नावांच्या चुली विकल्या जातात आणि वाटल्याही जातात. घेणाऱ्याने त्यात नेमके काय पाहायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

आधी धूर होतो कसा, ते पाहू. लाकूड तापले की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते. दोनशे-तीनशे अंशांच्या पुढे त्यातून जळाऊ वायू सुटू लागतात. वाळक्या लाकडाच्या वजनातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो, मागे उरतो तो कोळसा. या वायूंना सहाशे अंशांच्या वर उष्णता आणि पुरेशी हवा एकाच जागी मिळाली तर त्यांची ज्वाळा होते. यातले एक जरी कमी पडले तरी तेच वायू न जळता वर जातात, थंड होऊन बारीक थेंब आणि काजळी बनतात. धूर म्हणजे न जळलेले जळण.

निर्धूर म्हणून विकल्या जाणाऱ्या चुली खरे तर दोन जातींच्या आहेत. एक जात धूर धुराड्यातून बाहेर काढते. दुसरी धूर चुलीतच जाळते. पहिल्या जातीने स्वयंपाकघर स्वच्छ होते, बाईचे डोळे आणि छाती वाचते, आणि हा फायदा मोठाच आहे. पण गल्लीतला धूर तिने चिमूटभरही कमी होत नाही, तो शेजारच्या माडीवर जातो. खानापूरच्या पश्चिमेला रानातल्या सुट्या घराला धुराड्याची चूल पुरेशी आहे. जिथे भिंतीला भिंत लागून आहे, तिथे दुसऱ्या जातीची चूल आणि तिच्यावर धुराडे, अशी दोन्ही हवीत. हा फरक न सांगता ‘निर्धूर’ म्हणून सरसकट चूल विकणे चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या जातीची चूल ओळखण्यासाठी भारतीय मानक १३१५२ (भाग १) : २०१३ हे आपल्या हाताशी आहे. सुट्या, उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठी ते आहे. पंखा नसलेल्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणातली जेवढी उष्णता भांड्याला पोचते तिचा वाटा, किमान २५ टक्के हवी, छोट्या पंख्याने हवा फुंकणाऱ्या चुलीची ३५ टक्के. भांड्याला पोचलेल्या दर मेगाज्यूल (सुमारे २४० किलोकॅलरी) उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड दोन्ही प्रकारांत ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. धुरातले कण पंख्याविना ३५० मिलिग्रॅमपर्यंत आणि पंख्यासह १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुकानदाराकडे मागायचे ते हे तीन आकडे असलेले चाचणीपत्र. ‘धूर होत नाही हो’ हे उत्तर चालवून घेऊ नका. चाचणी कोणत्या लाकडाने आणि केवढ्या तुकड्यांनी केली, तेही विचारा. दोन-दोन इंचांचे कोरडे तुकडे वापरून मिळालेला आकडा हातभर लांब, अर्धवट ओल्या निलगिरीला लागू पडत नाही.

आकड्यांचा अर्थ रोजच्या पाण्यात सांगतो. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ४४० किलोकॅलरी लागतात. हवेवर वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ३,८०० किलोकॅलरी असतात. तीन दगडांच्या चुलीवर त्यातले १० ते १५ टक्केच पाण्याला मिळतात, म्हणजे एका बादलीला सुमारे एक किलो जळण. ३० टक्क्यांच्या चुलीवर तीच बादली ४०० ग्रॅमच्या आत तापते. पाच माणसांच्या घरात दिवसाला तीन किलो जळण वाचले, तर वर्षाला एक टनाहून अधिक होते. आणि धूर? ३५० च्या मर्यादेवरची चूल एका बादलीमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम कण सोडते, १५० च्या मर्यादेवरची सुमारे २८०.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. मानकाचा शिक्का म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. भांड्याला एक किलोवॉट उष्णता देणारी चूल ३५० च्या हिशेबाने मिनिटाला २१ मिलिग्रॅम कण सोडते, १५० च्या हिशेबाने ९. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये घरगुती चुलीसाठी सुचवलेले लक्ष्य धुराडे असेल तर मिनिटाला ०.८० मिलिग्रॅम आणि नसेल तर ०.२३ मिलिग्रॅम (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे) आहे. अंतर किती आहे ते पाहा. म्हणून ज्या घरात गॅस आहे तिथे चहा, भात, आमटी गॅसवरच व्हावी आणि लाकूड पाण्यापुरते व मोठ्या स्वयंपाकापुरते राहावे. पाण्यासाठीही, गच्चीवर जागा असेल तर सौर बंब आधी पाहा. पावसाळा सोडला तर आपल्याकडे ऊन भरपूर आहे. जी घरे लाकूड सोडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी पुढचे.

पंखा नसलेल्या चांगल्या चुलींत सध्या रॉकेट चूल सर्वांत भरवशाची. आडवे तोंड आणि त्यातून सरळ वर जाणारी उभी नळी, एवढीच तिची रचना. घरगुती मापाला तोंड साडेचार इंच चौरस असेल, तर तळापासून नळीची उंची तेरा इंचांच्या आसपास हवी, म्हणजे रुंदीच्या तिप्पट. तोंडात एक पत्र्याची फळी असते. लाकूड फळीवर आणि हवा फळीखालून. ही फळी हरवली की लोक तोंड लाकडांनी गच्च भरतात, हवा बंद होते आणि चूल काळा धूर ओकू लागते. नळीच्या वरच्या कडेपासून भांड्याच्या बुडाचे अंतर दोन ते अडीच सेंटिमीटर हवे. कमी असेल तर ज्वाळा दबते, जास्त असेल तर उष्णता वाऱ्यावर जाते. भांड्याभोवती पत्र्याचे कडे बसवून फटीत एक सेंटिमीटर जागा ठेवली, तर जळणात लगेच फरक दिसतो.

या चुलीचा जीव तिच्या नळीभोवतीच्या भरावात आहे. भराव हलका, फुसफुशीत आणि उष्णता अडवणारा हवा. आपल्याकडे भातगिरण्यांत तुसाची पांढरी राख मिळते. तिच्याइतका स्वस्त आणि चांगला भराव दुसरा नाही. गवंडी मात्र मजबुतीसाठी वाळू, मुरूम किंवा सिमेंट भरतो. मग पहिला अर्धा तास सगळी उष्णता तो दगडधोंडाच पितो, नळी तापत नाही आणि तेवढा वेळ धूर निघत राहतो. सकाळी वीस मिनिटांपुरती पेटणारी चूल असेल तर ती कधीच तापत नाही. नळी साध्या लोखंडी पत्र्याची असेल तर रोजच्या वापरात काही महिन्यांत जळून चाळण होते. स्टेनलेस जास्त टिकते; भाजक्या मातीची उत्तम, पण तापलेल्या चुलीवर पाणी शिंपडून विस्तव विझवायची सवय असेल तर ती तडकणारच. नळी आणि जाळी सुटी विकत मिळते का, हे चूल घ्यायच्या आधी विचारावे. बीडाची जाळी ओतून द्यायला उद्यमबागेत फाउंड्री आहेत, फक्त गजांत आठ ते दहा मिलिमीटरची फट ठेवायला सांगा. त्याहून बारीक फट राखेने बुजते.

पंख्याच्या चुली आकड्यात सर्वांत सरस, वागण्यात सर्वांत हट्टी. दीड-दोन इंचांचे कोरडे तुकडे किंवा दाबलेल्या गोळ्याच त्यांना चालतात. वरून पेटवायच्या प्रकारात एकदा भरलेले जळण संपेपर्यंत मधे भर घालता येत नाही. घातली की थेट धूर. ज्वाळा संपून निखारे राहिले की धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड वाढतो. बॅटरी उतरली की ती साध्या चुलीपेक्षा वाईट जळते. हॉटेल, आश्रमशाळा, लग्नाचा आचारी अशा ठिकाणी, जिथे जळण तोडून ठेवायला माणूस आहे, तिथे ती घ्यावी. घरात दोन बायकांच्या खांद्यावर शेत, गुरे आणि स्वयंपाक असेल, तर लाकडाचे बोटाएवढे तुकडे करायचे काम कोण करणार, याचा विचार आधी व्हावा. बहुतेक पंख्याच्या चुली माळ्यावर जातात त्या याच कारणाने.

आणि भाकरी. सुट्या रॉकेट चुलीवर बारा इंची तवा ठेवला की मधे करपते, कडा कच्च्या राहतात, कारण ज्वाळा चार-पाच इंचांच्याच घेरात लागते. भाकरी फुगवायला पुढ्यात इंगळही नसतात. चूल बघायला जाताना घरातला तवा आणि रोजचे पातेले बरोबर न्यावे, ही सूचना आम्ही गंभीरपणे करतो. ज्या घरी दोन्ही वेळा जोंधळ्याची किंवा तांदळाची भाकरी होते, त्या घरी मातीची, धुराड्याची, दोन तोंडांची चूलच योग्य.

तशी चूल कर्नाटकाला नवी नाही. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ‘अस्त्र’ गटाची अस्त्र ओले याच जातीची. कानडीत ओले म्हणजे चूल. मराठी कानाला भलतेच ऐकू येते खरे. पुण्याच्या आरती संस्थेची लक्ष्मी चूलही याच घराण्यातली. १९८०च्या दशकात सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून जास्त चुली बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या फार थोड्या टिकल्या. रचना चांगलीच होती, मोडल्या त्या बारीकसारीक चुकांनी. लांब लाकूड बसावे म्हणून तोंड फोडून मोठे केले. दुसऱ्या तोंडावर, म्हणजे वैलावर, भांडे न ठेवता ते उघडे टाकले. मग धुराडे तिथून गार हवा ओढते आणि पुढच्या तोंडाने धूर घरात येतो. वैलाखालचा मातीचा उंचवटा राख काढताना खरवडून गेला. दुसऱ्या भांड्याचे काम नसेल तर वैलावर पाण्याचे भांडे ठेवा किंवा झाकण घाला, एवढे सांगायला तेव्हा कोणी परत आले नाही.

धुराड्याच्या चुका त्याहून महाग पडतात. व्यास चार इंचांपेक्षा कमी नको. तीन इंची पाइप काजळीने दोन महिन्यांत निम्मा होतो. पाइपचे तोंड कौलांच्या आढ्यापेक्षा दोन फूट वर काढा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आषाढात पश्चिमेचा वारा आढ्यावरून खाली लोटतो, आणि आखूड धुराड्यातला धूर उलटा घरात येतो. काटकोनी वळण देऊ नका. वळवावेच लागले तर पंचेचाळीस अंशांची दोन वळणे पुरेत. पाइपच्या जोडात वरचा तुकडा खालच्याच्या आत बसला पाहिजे. बरेच प्लंबर पन्हाळीच्या पाइपच्या सवयीने, पाऊस आत जाऊ नये म्हणून, याच्या उलट जोडतात. मग धुरातले डांबर प्रत्येक सांध्यातून बाहेर गळते आणि भिंतीवर न निघणारे काळे ओघळ उतरतात. पावसासाठी वर टोपी आहे, सांधे डांबरासाठी. चुलीलगतचे पहिले तीन-चार फूट जस्ताचा मुलामा दिलेला पाइप नको, जास्त तापल्यावर जस्ताची वाफ सुटते. तेवढा भाग साध्या जाड पत्र्याचा किंवा स्टेनलेसचा घ्या. जुने अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप करवतीने कापू नका, त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. वासे आणि रिपा एकेरी पाइपपासून एक फूट दूर हव्यात. एवढी जागा नसेल तर भोवती दुसरी पत्र्याची नळी घालून मधे रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरा. तुसाची राख इथे नको, ती खाली बसते आणि वर पोकळी राहते.

साफसफाईसाठी खाली झाकणाचे तोंड ठेवा. दोरीला वजन आणि गोणपाटाचा बोळा बांधून महिन्यातून एकदा पाइप ओढून घ्यावा, पावसाळ्यात पंधरवड्याला. साचलेले डांबर एखाद्या दिवशी आतच पेटते, आणि कौलारू घराला तो धोका लहान नाही. चूल पेटवण्याआधी त्याच तोंडात कागद जाळून पाइप ऊबदार करा; ज्वाळा आत वाकली की ओढ आली असे समजावे.

एवढे सगळे करूनही ओले लाकूड घातले तर पैसे वाया गेले. ४० टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडात ४०० ग्रॅम पाणी असते. ते वाफ करायला सुमारे २५० किलोकॅलरी लागतात, हिशेबाने फार नाहीत. खरा तोटा असा की त्या वाफेने चुलीचे पोट थंड पडते, सहाशे अंश गाठले जात नाहीत आणि वायू न जळता निघून जातात. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर दिसला की लाकूड ओले आहे. काळा दिसला की हवा कमी आहे. ओल २० टक्क्यांच्या आत आणावी. मोजायला यंत्रच हवे असे नाही. एका फाट्याच्या मधल्या भागाचे एक किलो छिलपे काढा, रोज उन्हात ठेवून रात्री निवत्या चुलीवर ठेवा आणि वजन घटायचे थांबले की पाहा. ७५० ग्रॅम उरले तर ओल २५ टक्के होती. वाळलेली दोन फाटी एकमेकांवर आपटली की ठणकन वाजतात, ओली धप्प.

लाकूड माघ-फाल्गुनात तोडून लगेच मनगटाएवढे फोडावे. अखंड ओंडका सालीतून वाळत नाही, फोडलेला वाळतो. दगडांवर वीतभर उंच रचा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. निळ्या प्लॅस्टिकने चारी बाजूंनी गुंडाळलेली रास आतल्या आत घामाने भिजते आणि बुरशी धरते. बाभूळ, काजू, जांभूळ, अकेशिया चालतात, बाभळीला जास्त दिवस द्या. चिपाड, तुराट्या, नारळाच्या पिड्ड्या भडकन पेटून विझतात. त्या पेटवणापुरत्या ठेवा, बंबात कोंबू नका. बंबाच्या मधल्या नळीत वरून गच्च भरले की खालचे जळण वरच्याला भाजते आणि वायू वरच्या गार लाकडातून न जळता निघून जातात. थोडे-थोडे घाला, खालची राखेची जागा मोकळी ठेवा. आणि प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, रंगवलेले दार, प्लायवूड पेटवणाला वापरणे आजपासून थांबवा. त्याचा विषारी धूर शाळेत निघालेल्या पोरांच्या छातीत जातो.

काचेचे दार असलेल्या परदेशी लाकडी शेगड्या बसवायचा विचार कोणी करत असेल, तर त्या खोली तापवण्यासाठी आहेत, पाण्यासाठी किंवा भाकरीसाठी नाहीत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुराचे संकट आले, १९५६ मध्ये कायदा झाला, आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये धूर-नियंत्रित क्षेत्रांत मान्य शेगडी किंवा मान्य इंधनच वापरावे लागते. तिथून घेण्यासारखी वस्तू ही शेगडी नाही, मान्य उपकरणाची पद्धत आहे. आपल्या १९८१ च्या हवा प्रदूषण अधिनियमाच्या कलम १९ मध्येही तशी तरतूद आहे. राज्य सरकार प्रदूषण नियंत्रण मंडळाशी सल्लामसलत करून क्षेत्र जाहीर करू शकते आणि त्यात मान्य इंधन व मान्य उपकरणच वापरण्याचा नियम लावू शकते. उद्या बेळगावच्या दाट वस्तीला असा नियम लावायचा विचार झाला, तर आम्ही स्वागत करू, पण गरीब घरांना चूल, कोरडे जळण किंवा परवडणारा गॅस आधी मिळाला पाहिजे. नुसती बंदी त्या घरांतल्या बायकांवरच पडेल.

एक इशारा राहिला. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची रीत आपल्या भागात अजून आहे. निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही; गुंगी येते आणि माणूस हाक मारू शकत नाही. तान्ह्या बाळाला तो आधी गाठतो. शेक द्यायचा असेल तर निखारे बाहेर ठेवा आणि तापवलेली पिशवी किंवा गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून आत न्या. बंद न्हाणीघरात पेटता बंब ठेवून आंघोळ करणेही तितकेच घातक आहे.

महापालिका, तालुका पंचायती आणि ग्रामपंचायतींना विनंती आहे की चुली वाटण्यासाठी खरेदी करताना निविदेत वरचे तीन आकडे आणि सुट्या नळी-जाळीचा पुरवठा ही अट घालावी. वाटप झाल्यावर सहा महिन्यांनी एक जाणकार प्रत्येक घरी जाऊन चूल पाहील, याचा खर्च त्याच निविदेत धरावा. चुलीबरोबरचे माहितीपत्रक कन्नडबरोबर मराठीतही असावे, मोठ्या अक्षरात. त्यात लाकडाचे माप, फळीचे काम, वैल झाकणे आणि धुराडे साफ करणे या चार गोष्टी चित्रांसह असल्या तरी पुरे.

आपले,
चुली, बंब आणि धुराडी बांधण्या-दुरुस्तीचे काम करणारे,
बेळगाव व खानापूर तालुका